पवईच्या तळ्यावरील एक दिवस

आपल्या भाषेंतील कांहीं शब्द आपण रोज उच्चारतों. परंतु ते ज्या वस्तूंचे आहेत त्या वस्तु बहुधा आपण पाहिलेल्या नसतात. 'गळ' हा त्यांपैकींच एक शब्द होय. कोणी फार आग्रह धरूं लागला म्हणजे तो 'गळ घालतो'. भोळा मनुष्य लबाडाच्या 'गळाला लागतो'. आणि त्यास भुलविण्याकरितां पुढें केलेली वस्तु तें 'आमिष'. संस्कृतांत आमिष म्हणजे मांस. पुढें गळास लावावयाचा घांस, आणि त्याहून पुढें कसलेंही प्रलोभन, असा या शब्दाचा प्रवास झालेला आहे. गळाला संस्कृतांत 'बडिश' असें नांव आहे. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें आपले चोवीस गुरु सांगितले, त्यांत मीनालाही स्थान दिलें आहे. कारण एका जिव्हेच्या लौल्यापायीं प्राण कसा जातो हें त्यानें त्याच्यापासून शिकून घेतलें. ज्या घरांत नाथांचें भागवत वाचलें जातें तेथील मुलांनाही हा दृष्टांत ठाऊक असतो. मीं स्वतः तो वर्गांत किती वेळां सांगितला असेल याची गणतीच नाहीं.

तरीही, बडिश म्हणजे काय आणि मीन त्याला कसा लागतो, हें डोळ्यांनीं पाहण्याचा योग मला उतारवयांतच आला. आमच्यासारख्या शाकाहारी घरांतील मनुष्यानें या विषयावर लिहावें हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु त्या दिवशीं जें पाहिलें त्यांत खाण्याचा भाग फार थोडा होता, आणि विचार करण्याजोगा भाग पुष्कळ होता. म्हणून यंदाच्या अंकांत हा विषय घेतला आहे.

माझे एक स्नेही अंधेरीस राहत असत. ते सारस्वत; बँकेंतून निवृत्त झालेले; आणि गळानें मासे धरण्याचा त्यांस तरुणपणापासूनचा नाद. पवईच्या तळ्यावर या छंदाची मंडळी बांधणारी जी संस्था आहे, तिचे ते जुने सभासद होते. गेलीं कित्येक वर्षें ते मला म्हणत, "मास्तर, एकदां चला. तुमच्या समाधीचा अर्थ तुम्हांला तेथें कळेल." मी हंसून विषय टाळीत असें. परंतु २०१९ च्या जानेवारींत त्यांचें घर पुनर्बांधणीसाठीं रिकामें करण्याचें ठरलें, आणि ते कायमचे बंगळुरास मुलाकडे जाण्यास निघाले. जाण्यापूर्वीं तळ्यावर एक शेवटचा दिवस काढावा, आणि सोबत मीं असावें, अशी त्यांनीं गळ घातली. या वेळीं 'नाहीं' म्हणणें अशक्य होतें.

घरीं ही गोष्ट सांगतांच थोडा वेळ शांतता पसरली. आमच्या मातोश्री तेव्हां पंचाऐशीच्या पुढें होत्या. त्यांनीं माळ खालीं ठेवली आणि म्हणाल्या, "मित्र दूर देशीं चालला आहे, तर जा. बसून बघ. पण हातांत ती काठी धरूं नकोस." मीं कबूल केलें. सौभाग्यवतींनीं पोळ्या व बटाट्याची भाजी बांधून दिली, आणि संक्रांत दोन दिवसांवर आली होती म्हणून तिळगुळाची एक पुडीही वर ठेवली.

आम्ही मुलुंडकर मंडळी. पहाटेची बस धरून मी पवईस उतरलों तेव्हां नुकतें फटफटूं लागलें होतें. ज्या रस्त्यावर उतरलों त्याचें नांव 'आदि शंकराचार्य मार्ग'. या नांवाचें मला नेहमीं कौतुक वाटतें. बालशंकराचा पाय नदींत मगरीनें धरला आणि तेव्हां मातेनें त्यास संन्यासाची अनुज्ञा दिली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. आणि येथें त्या आचार्यांच्या नांवाच्या रस्त्यालगत जें तळें आहे, त्यांत आजही मगरी आहेत! नांव देणाऱ्यांच्या मनांत ही कथा होती कीं नाहीं कोण जाणे. पण योग मात्र सुरेख जुळला आहे.

तळ्याचा इतिहास थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कारण पवईचें तळें नैसर्गिक आहे अशी अनेकांची समजूत असते. मुंबई शहरास नळाचें पाणी प्रथम विहारच्या तलावांतून १८६० सालीं मिळालें. त्यास जोड म्हणून १८७९ पर्यंत तुळशीचा तलाव पूर्ण झाला. तरीही शहराची तहान भागेना. तेव्हां तानशाचें मोठें काम पुरें होईपर्यंत आधार असावा म्हणून मिठी नदीस मिळणाऱ्या एका ओहोळावर बांध घालून १८९१ च्या सुमारास पवईचें तळें करण्यांत आलें. पूर्वीं ही सारी जमीन फ्रामजी कावसजी या पारशी गृहस्थांची वाडी म्हणून प्रसिद्ध होती. परंतु पाण्याचा दर्जा पिण्यास योग्य ठरला नाहीं, आणि १८९२ सालीं तानसा सुरू झाल्यावर पवईची गरजही उरली नाहीं. ज्या कामासाठीं तें जन्मास आलें तें काम त्याच्या हातून असें लवकरच सुटलें. पुढें १९५८ सालीं त्याच्या कांठीं भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली, मागाहून उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि तळें मध्यें राहून गेलें.

स्नेही फाटकापाशीं उभेच होते. त्यांच्याबरोबर आमचा त्या दिवसाचा वाटाड्या होता. हा नावाडी तळ्याच्या कांठच्या पाड्यावरच जन्मलेला, साठीच्या घरांतला, सडसडीत अंगाचा. सर्व सभासद त्याला 'मामा' म्हणत. मी कोण हें कळतांच त्यानें हात जोडले आणि म्हणाला, "गुरुजी, होडींत पाय आपटूं नका येवढंच. मासा कानानं नाय ऐकत, अंगानं ऐकतो."

हें वाक्य ऐकून मी चकित झालों. माशाच्या दोन्ही कुशींवरून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेषा गेलेली असते. तिच्यांतील सूक्ष्म इंद्रियांनीं पाण्यांतील हालचाल व कंप त्यास कळतात, असें प्राणिशास्त्र सांगतें. रोहू-कटल्याच्या कुळाला तर याखेरीज आंतल्या कानाला वाताशयाशीं जोडणाऱ्या लहान हाडांची एक सांखळीही असते, त्यामुळें त्यांचें ऐकणें फार तीक्ष्ण असतें. मामाला शास्त्र ठाऊक नव्हतें. पण शास्त्र ज्याविषयीं बोलतें तें त्याला चांगलें ठाऊक होतें.

होडी निघाली. कांठापासून बरेंच आंत गेल्यावर मामानें वल्हीं थांबविलीं आणि तो नुसता पाहत बसला. मला पाण्याखेरीज कांहीं दिसेना. दहा मिनिटांनीं त्यानें बोट दाखविलें. तेथें बारीक बुडबुड्यांची एक रांग वर येत होती. "खालीं चरतायत," तो म्हणाला. तळच्या चिखलांत तोंड खुपसून मासा अन्न शोधतो तेव्हां चिखलांतली हवा सुटते, तेच हे बुडबुडे. मग त्यानें तांदळाचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि भाजलेल्या हरभऱ्याचें पीठ एकत्र मळून केलेले गोळे त्या ठिकाणीं हळूच सोडले. गळ टाकण्यापूर्वीं हें अन्नछत्र कां, असें मीं विचारलें. स्नेही म्हणाले, "पाहुणा घरीं यावयाचा तर आधीं पान मांडावें लागतें."

या गोड्या पाण्याच्या तीन प्रमुख माशांनीं तळ्याचे मजले आपसांत वांटून घेतलेले आहेत, हेंही त्या दिवशीं कळलें. कटला वरच्या थरांत चरतो. त्याचें डोकें मोठें व तोंड वर वळलेलें असतें. रोहू मधल्या थरांत राहतो. मृगळ तळाशीं असतो, आणि त्याचें तोंड खालीं वळलेलें असतें. ज्याचा जसा आहार तशी त्याची मुखरचना. एकाच घरांत तीन भाऊ निरनिराळ्या मजल्यांवर चुली मांडून भांडणावांचून नांदावेत, तसाच हा प्रकार. मात्र हे तिघेही मूळचे वाहत्या नद्यांतले. पावसाळ्यांत पूर आल्यावांचून त्यांची वीण सहसा होत नाहीं. म्हणून असल्या बांधलेल्या तळ्यांत त्यांचीं पिलें बाहेरून आणून सोडावीं लागतात. हीं पिलें पूर्वीं नद्यांतून गोळा करावीं लागत. १० जुलै १९५७ रोजीं कटक येथें हिरालाल चौधरी यांनीं माशाच्या मेंदूलगतच्या पिंडाचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यांत या माशांची वीण करून दाखविली, तेव्हांपासून ही अडचण संपली. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकऱ्यांचा राष्ट्रीय दिवस पाळला जातो.

गळ पाण्यांत पडला. दोरीवर मोरपिसाच्या देंठाची एक तरंगती खूण होती. तिच्याकडे पाहत बसणें येवढेंच काम. पहिला तास मला कंटाळवाणा गेला. दुसऱ्या तासांत मी भोंवतालीं पाहूं लागलों. काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या कपाळाचे 'वारकरी' पक्षी थव्यानें पोहत होते. कपाळींचा तो टिळा पाहून त्यांना हें नांव कोणीं दिलें असेल त्याच्या रसिकतेचें कौतुक वाटलें. पाणकावळे पंख पसरून उन्हांत बसले होते. खंड्या तारेवरून सूर मारी, आणि आमच्याहून पुष्कळ अधिक यशस्वी होई. दूर एका उथळ जागीं ओंडक्यासारखें कांहीं पडलें होतें. मामा म्हणाला, "ती आमची आजी." नीट पाहिलें तों ती मगर! तिनें डोळासुद्धां हलविला नाहीं. मामाच्या सांगण्यांत भीति नव्हती, बढाईही नव्हती. शेजारीण दाखवावी तशी त्यानें ती दाखविली.

अवधूताच्या गुरूंत एक बाण करणाराही आहे. बाणाचें टोंक सरळ करण्यांत तो इतका गढला होता कीं शेजारून राजाची मिरवणूक वाजत गेली तरी त्यास पत्ता लागला नाहीं. त्या मोरपिसाकडे पाहणाऱ्या माझ्या स्नेह्यांचें तसेंच झालें होतें. ज्यांना मीं गेल्या दोन महिन्यांत सामानाच्या, करारपत्रांच्या आणि औषधांच्या चिंतेवांचून पाहिलें नव्हतें, त्यांचा चेहरा सकाळपासून निवळत गेला. बारा वाजण्याच्या सुमारास आम्हीं पोळ्या खाल्ल्या. मामाला तिळगूळ दिला. त्यानें कपाळास लावून तोंडांत टाकला, आणि स्नेह्यांना विचारलें, "साहेब, आतां परत कधीं?" स्नेही कांहीं बोलले नाहींत. मग मामाच म्हणाला, "माझा पोरगा बी हें काम नाय करायचा. तो कुरिअरच्या कंपनींत लागला. बरं झालं." थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं.

दोन वाजतां मोरपीस एकदां थरथरलें, आडवें झालें, आणि दिसेनासें झालें. रिळावरची दोरी सूं सूं करीत सुटली. स्नेही उभे राहिले नाहींत. बसल्या जागींच पाय रोवून त्यांनीं काठी उभी धरली आणि दोरी जाऊं दिली. "ओढूं नका, पळूं द्या," मामा हळूच म्हणत होता. शंभर हात दोरी गेली असेल. मग ती थांबली. स्नेह्यांनीं थोडी गुंडाळली. ती पुन्हां गेली. असें पंधरा-वीस मिनिटें चाललें. स्नेह्यांच्या कपाळावर घाम आला, मनगट कांपूं लागलें. तेवढ्यांत मासा वळून पाण्यांतल्या एका जुन्या खुंटाच्या रोखानें निघाला. दोरी खुंटास अडकली म्हणजे सर्व संपलें. मामाला एकाच वेळीं होडी फिरवावयाची होती आणि हातजाळेंही धरावयाचें होतें. त्यानें माझ्याकडे पाहिलें.

मातोश्रींची आज्ञा काठीविषयीं होती, वल्ह्याविषयीं नव्हती. मीं वल्हें घेतलें. "उजवीकडे, गुरुजी, हळू, अजून हळू," असें मामा सांगत गेला आणि मी मारीत गेलों. होडी वळली, खुंट मागें राहिला, आणि पांढऱ्या पोटाची एक मोठी परात पाण्यावर उलटावी तसा तो मासा वर आला. मामानें जाळें खालून घातलें, पण तें पाण्याबाहेर काढलें नाहीं. तो कटला होता. मामाच्या अंदाजानें दहा किलोंच्या वर. माझे स्नेही वीस वर्षें ज्याची वाट पाहत होते तो हाच.

मामानें हात भिजवून त्याचें तोंड वर केलें आणि म्हणाला, "साहेब, हें बघा." वरच्या ओठाच्या कडेला एक जुना, भरून आलेला व्रण होता. "हा एकदां सुटून गेलेला हाय. एकदां जो सुटला त्याला पुन्हां न्यायचा नाय, असं माझा बाप म्हणायचा." वाचकहो, येवढा मासा निघाला म्हणजे त्यांतला मोठा वांटा नावाड्यास देण्याची स्नेह्यांची रीत होती, म्हणजे हें सांगण्यांत त्याचें स्वतःचें नुकसान होतें. तरीही त्यानें तें सांगितलें, आणि सांगून गप्प बसला. आग्रह केला नाहीं. निर्णय स्नेह्यांचा होता.

स्नेह्यांनीं त्या माशाकडे किती वेळ पाहिलें तें मला सांगतां येणार नाहीं. मग त्यांनीं वांकून गळ सोडविला. मामानें माशाला दोन्ही हातांनीं पाण्यांतच सरळ धरून ठेवलें. दमलेल्या माशाला एकदम सोडलें तर तो कुशीवर पडून मरतो. त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहूं लागेपर्यंत त्यास आधार द्यावा लागतो. कोरड्या हातांनीं धरलें तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि त्या थरावांचून त्यास रोग जडतात. एक-दोन मिनिटांनीं शेपटी हलली, आणि तो कटला घाई न करतां खालीं गेला.

परत येतांना मीं स्नेह्यांस म्हटलें, "आज आपल्या हातून अहिंसा घडली." ते म्हणाले, "नाहीं मास्तर. हिंसा मीं केलीच. वीस मिनिटें केली. फक्त शेवटचा घाव टाळला. त्याला अहिंसेचें नांव देऊं नका." त्यांच्या या सरळपणाबद्दल मला फार आदर वाटला. मामाचा वांटा बुडूं नये म्हणून त्यांनीं त्याच्या हातावर जें ठेवलें तें मीं पाहिलें नाहीं. पाहूं नये असेंच त्यांनीं तें ठेवलें. घरीं आल्यावर मातोश्रींना सर्व वृत्तांत सांगितला. वल्ह्याची गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या, "तें गुहकाचें काम. त्यांत पाप नाहीं."

तथापि प्रश्न उरतोच. जीवाशीं अशी क्रीडा करणें योग्य काय? आपल्या पूर्वजांपुढें हा प्रश्न नव्हता असें नाहीं, आणि त्यांचीं उत्तरेंही एकसारखीं नाहींत. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. शंभर अध्यायांच्या या ज्ञानकोशांत 'मत्स्यविनोद' या नांवाचें एक प्रकरण आहे. समुद्रांतील व गोड्या पाण्यांतील माशांच्या जाति, कोणत्या माशास कोणतें आमिष रुचतें, दोरी कशी असावी, मासा लागल्यावर तो कसा खेळवावा, हें सर्व त्या राजानें अभ्यासपूर्वक लिहून ठेवलें आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं हा ग्रंथ संपादिला; आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं त्यांतील या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहून जगाचें लक्ष तिकडे वेधलें. आमच्या मामाचें पेंडीचें अन्नछत्र हें त्या परंपरेंतलेंच म्हणावयाचें.

याच्या उलट बाजूस अशोक उभा आहे. त्यानें आपल्या पांचव्या स्तंभलेखांत चातुर्मास्याच्या व तिष्य नक्षत्राच्या पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस नेमून त्या दिवशीं मासे मारण्यास व विकण्यास बंदी घातली. त्यानें कायमची बंदी केली नाहीं, दिवस नेमले. सर्वांस एकदम न झेपणारा धर्म थोडा थोडा अंगीं लावावा, अशी ही रीत दिसते. आणि 'शतपथ ब्राह्मणां'तील मनूची कथा तर आपण सर्व जाणतोंच. ओंजळींत आलेल्या एवढ्याशा माशानें मोठ्या माशांपासून रक्षण मागितलें. मनूनें त्यास आधीं घटांत, मग खळग्यांत, आणि शेवटीं समुद्रांत वाढविलें. आणि प्रलयाच्या वेळीं त्याच माशानें मनूची नौका तारली. रक्षण केलेल्या जीवानेंच रक्षण करावें, हा तिचा मथितार्थ होय.

ही मनूची वृत्ति महाराष्ट्रांत आजही कांहीं ठिकाणीं दिसते. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नांवाचा डोह आहे. वाडा तालुक्यांत वैतरणेच्या कांठीं तिळसे येथें शिवाचें देऊळ आहे. या दोन्ही ठिकाणचे महाशीर मासे देवाचे मानले जातात. यात्रेकरू त्यांना खाऊ घालतात. धरीत कोणी नाहीं. हा महाशीर आपल्याच मुलखांतला. पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतील माशांवरून कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्याच्या नांवांत 'खुद्री' हा देशी शब्द कायम ठेवला. पुढें धरणें झालीं, डोहांत सुरुंग लावून मासे मारण्याची दुष्ट चाल पडली, आणि महाशीर कमी होऊं लागला. तेव्हां लोणावळ्यास टाटांच्या वळवण तलावापाशीं १९७० च्या दशकांत त्याची कृत्रिम वीण सुरू झाली. डॉ. कुळकर्णी आणि ओगले यांनीं त्या कामांत मोठा वांटा उचलला. लक्षावधि पिलें तयार झालीं आणि तीं ठिकठिकाणच्या पाण्यांत सोडण्यांत आलीं. आज हा मासा धोक्याच्या यादींतून बाहेर आला आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघानें २०१८ सालीं तसें नोंदविलें.

परंतु या सत्कृत्याची दुसरी बाजू शिकण्यासारखी आहे. हींच पिलें दक्षिणेंत कावेरींतही सोडण्यांत आलीं. कावेरींत तिचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला, याहूनही मोठा होणारा महाशीर होता. बाहेरून आलेला भाऊ तेथें इतका फोफावला कीं घरचा धनी दिसेनासा झाला. ज्या २०१८ सालीं आपला महाशीर सुरक्षित ठरला, त्याच सालीं कावेरीचा महाशीर अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. पिलें सोडणाऱ्यांचा हेतु शुद्धच होता. पण ज्ञानावांचून केलेलें दान घेणाऱ्याच्या मुळावर येऊं शकतें, हें या उदाहरणावरून दिसतें. दान करावयाचें तें देश, काल आणि पात्र पाहून करावें, असें गीतेनें सांगितलें आहे. तें माशांनाही लागू आहे हें आपल्या ध्यानांत आलें नव्हतें येवढेंच.

हें घरगुती मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. सांगतों. आपल्या पुष्कळ घरांत आतां कांचेच्या पेटींत शोभेचे मासे असतात. मुलांना कंटाळा आला, किंवा मासा पेटीस मोठा झाला, म्हणजे 'बिचाऱ्याला मोकळें करूं' म्हणून तो जवळच्या तळ्यांत सोडण्यांत येतो, आणि पुण्य केल्याचें समाधान मिळतें. कांचेवरचें शेवाळ खाणारा, कवचासारख्या अंगाचा जो मासा बाजारांत मिळतो, तो मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. अशाच सुटकेमुळें तो भारतांतील अनेक तळ्यांत व नद्यांत पसरला आहे आणि कोळ्यांच्या जाळ्यांचा व इतर माशांचा शत्रु झाला आहे. पवईच्या पाण्यावर जी जलपर्णी गालिच्यासारखी पसरते, तीही त्याच खंडांतून, फुलें सुंदर म्हणून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या देशांत आली. तेव्हां नको झालेला मासा तळ्यांत सोडूं नये. विकणाऱ्यास परत करावा किंवा दुसऱ्या हौशी घरीं द्यावा. मूर्तिविसर्जन तळ्यांत न करतां घरीं अथवा कृत्रिम हौदांत करावें, हेंही त्याच विचारानें.

तळ्याची खरी पीडा मात्र सांडपाण्याची आहे. त्यांतील नत्र व स्फुरद हें जलपर्णीचें खत होय. ती वाढली कीं सूर्यप्रकाश खालीं पोहोंचत नाहीं. कुजली कीं पाण्यांतला प्राणवायु संपतो. आणि मग कटल्याचा वरचा मजला, रोह्याचा मधला आणि मृगळाचा तळमजला एकदमच निर्जीव होतात. कांठाला भराव घालून सायकलींचा मार्ग करण्याचें काम चाललें होतें, तें मुंबई उच्च न्यायालयानें २०२२ च्या मे महिन्यांत बेकायदेशीर ठरविलें आणि जागा पूर्ववत् करण्यास सांगितलें. पण येणारें सांडपाणी अडविणें हें त्याहून अवघड काम आहे, आणि तें नागरिकांच्या सततच्या तगाद्यावांचून होणारें नाहीं.

वाचकांस मीं गळ हातीं धरण्याचा उपदेश करणार नाहीं. मातोश्री आतां नाहींत, पण त्यांची आज्ञा मला अजून आहे. एक मात्र सुचवितों. आपल्या उपनगरांतील मुलांना नळ ठाऊक असतो, तळें ठाऊक नसतें. मुंबईस पाणी देणारे सात जलाशय आहेत: विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा. हीं नांवें नातवंडांस श्लोकांसारखीं पाठ करवावीं. एखाद्या थंडीच्या सकाळीं त्यांना पवईच्या कांठावर नेऊन तासभर न बोलतां बसवावें, आणि किती जातींचे पक्षी दिसले तें घरीं आल्यावर वहींत लिहावयास लावावें. बुडबुडे दिसले तर ते कशाचे, हें त्यांनीं विचारलें म्हणजे उत्तर द्यावें. आधीं देऊं नये. आणि तेथें कोणी म्हातारा नावाडी भेटला तर मुलांना त्याच्यापाशीं बसूं द्यावें. पाणी अंगानें ऐकणारीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत.